तुंबाभर पाणी

मोरेश्वर मामांना एखादा देश आवडला की त्या देशाची काही धडगत नसे. आइसलँडला जाऊन आले तेव्हा ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळात कोजागिरीला दुधाच्या आधी त्यांनी ज्वालामुखी दाखवले होते. आटवलेल्या दुधाने गार होऊन साय धरली, तरी ज्वालामुखी काही शांत होईनात. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात मामा लॅपटॉप घेऊन दिसले की लोक चपला शोधायला लागत.

पण माणूस मनाचा मोठा, हे त्यांना नावं ठेवणारेही कबूल करत. सत्तरी ओलांडलेली, जन्म तेल कंपन्यांसाठी जमिनीत भोकं पाडण्यात गेलेला, मूळचे नागपूरचे. बायको कांचन, आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणारी धाकटी बहीण शैलजा. शैलजाचे यजमान विवेक सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हा जाता जाता त्यांनी मामांचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, की परीक्षितच्या लग्नात माझ्या जागी तू उभा राहा. त्यामुळे भाचा हा मामांचा हळवा कोपरा होता.

या परीक्षितने एका रविवारी जेवताना सांगितलं, की त्याला बोंत्ले नावाच्या मुलीशी लग्न करायचंय, ती ह्यूस्टनच्या हॉस्पिटलमध्ये लहान मुलांची डॉक्टर आहे आणि बोत्स्वानाची आहे. शैलजाच्या हातातला डाव आमटीतच राहिला. दुसरा कुणी मामा असता तर त्याने घसा खाकरून ‘नीट विचार केलायस ना’ वगैरे सुरू केलं असतं. आमचे मामा खुर्चीतून अर्धे उठले.

"बोत्स्वाना! अगं शैला, काय देश आहे तो! तुला कल्पना नाही."

कल्पना त्यांनाही नव्हती, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी ती करून घेतली. पुढच्या रविवारी शैलजाच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून त्यांनी दोन बायकांना आख्खा देश दाखवला. चारी बाजूंनी दुसरे देश, समुद्राचा कुठे पत्ता नाही. दोन महाराष्ट्र जवळजवळ मावतील एवढा पसारा आणि माणसं मात्र साधारण एकट्या ह्यूस्टन शहराएवढी. बहुतेक जमीन कालाहारीची, वाळू आणि काटेरी झुडपं. एक मोठी नदी अंगोलाच्या डोंगरातून निघते, समुद्राकडे जायचं सोडून या वाळवंटात शिरते आणि पसरून तिथेच मुरते. आणि तिचा पूर येतो तो पावसाळ्यात नाही, ऐन कोरड्या दिवसांत, कारण पाणी महिनोन् महिने चालत येत असतं.

"आणि माणसं बघ," मामा म्हणाले. त्यांचा आवाज आता चढला होता. "सहासष्ट साली स्वतंत्र झाले तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांत नाव. डांबरी रस्ते म्हणशील तर नावाला. मग हिरे सापडले. हिरे सापडले की काय होतं माहितीये ना? भावाभावांत मारामाऱ्या, लष्कर, सगळा सत्यानाश. यांनी काय केलं? शाळा काढल्या. दवाखाने काढले. गावात काही ठरवायचं असेल तर सगळे झाडाखाली जमतात, ज्याला बोलायचंय तो बोलतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही, आणि मुखिया सगळ्यात शेवटी बोलतो. ऐकून घेतल्यावर! हे आपल्या मंडळात करून दाखव."

"मंडळात कशाला, घरातच करून दाखवा," कांचन म्हणाली.

पण त्या दिवशी शैलजाचा चेहरा जरा सैल झाला हे खरं. ज्या देशाबद्दल तिला नकाशापलीकडे काही ठाऊक नव्हतं, तो देश भावाने इतक्या प्रेमाने सांगितला, की निदान तिथल्या मुलीला भेटावं असं तिला वाटलं.

बोंत्ले आली ती एका शनिवारी दुपारी. बाहेर हिरवळ कापणारा माणूस होता, त्याला तिने आधी थांबून नमस्कार केला, काम कसं चाललंय विचारलं, आणि मग बेल वाजवली. आत आल्यावर एकेकाला वेगळं विचारलं, झोप नीट झाली का, तब्येत कशी आहे. आणलेला मिठाईचा डबा तिने शैलजाला उजव्या हाताने दिला आणि देताना डावा हात उजव्या कोपराला लावला. शैलजा बघत राहिली. इतक्या अदबीने तिच्या हातात कुणी काही ठेवल्याला बरीच वर्षं झाली होती. ती चहा टाकायला आत गेली, ती जवळजवळ मन ठरवूनच गेली.

मग मामांनी बोंत्लेला बोत्स्वाना समजावून सांगितला.

ती मान खाली घालून ऐकत होती. ऐकायची त्यांच्याकडे पद्धतच असते. मामा श्वास घ्यायला थांबले तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, माझ्या आईबाबांचं लग्न कसं ठरलं सांगू? बाबांचे मामा आजोबांच्या अंगणात आले होते. सूर्य उगवायच्या आत. पुरुष कोट घालून, बायका खांद्यावर शाल घेऊन. मुलीचं नाव काढायचं नसतं. ते म्हणाले, आम्ही तुंबाभर पाणी मागायला आलोय."

"पाणी! अगदी बरोबर!" मामांनी मांडीवर थाप मारली. "कारण कालाहारीत वरती पाणी नाहीच. सगळं खालचं. बोअर मारावी लागते. आता हा खडक कसा असतो बघ..."

आणि मामा खडकात शिरले. बोंत्ले हसली, तिने कप उचलला आणि पुन्हा मान खाली घालून ऐकायला लागली. ती गेल्यावर कांचन म्हणाली, "तिला काहीतरी सांगायचं होतं हो."

"अगं, सांगितलं की तिने. छान गोष्ट होती."

महिन्याभराने बोंत्लेचे आईवडील आले. जवळच मिसुरी सिटीत तिचे मामा राहतात, मोदिसे नावाचे, कॉलेजात शिकवतात. त्यांच्याकडे उतरले. रविवारी रात्रीचं परतीचं विमान. परीक्षितने मामांना फोन करून सगळं सांगितलं. "मामा, शनिवारी सकाळी दोन्ही घरांची मीटिंग आहे. तिच्या फादरची एकच कंडिशन आहे. मोठ्यांनी रीतसर बोलायचं. ते झालं नाही तर बोंत्ले लग्नच करणार नाही, शी इज व्हेरी क्लिअर. आणि त्यांच्यात मामाच बोलतो, सो इट्स यू. मी तिथे नसायचं असतं म्हणे, म्हणून मी डॅलसला जातोय."

"मामाच बोलतो ना? काळजी सोड," मामा म्हणाले. त्यांची छाती शर्टात मावेना.

शनिवारी शैलजाच्या घरी सकाळपासून लगबग होती. पोहे भिजले होते, ओलं खोबरं खवून ठेवलं होतं, नवीन टेबलक्लॉथ आला होता. दहा वाजेपर्यंत मंडळी येतील असा अंदाज. मामा सिल्कचा कुडता आणि टोपी घालून टीव्हीला वायर जोडत होते. त्यांनी पाहुण्यांसाठी खास चित्रं काढून ठेवली होती, म्हणजे बघा, बोत्स्वानाच्या माणसांना बोत्स्वाना दाखवायची तयारी झाली होती. मुलीकडचे बोलणी करायला मुलाकडे येणार, यात विचारण्यासारखं काय होतं? पंचेचाळीस वर्षं अमेरिकेत काढली तरी काही गोष्टी माणसाच्या हाडात बसलेल्या असतात. त्या कुणी शिकवलेल्या नसतात म्हणून कुणी तपासूनही बघत नाही.

साडेनऊला फोन वाजला.

"मामा, व्हॉट हॅपन्ड? कुठे आहात तुम्ही?"

"घरी. वाट बघतोय."

"कोणाची?" परीक्षितचा आवाज चिरकला. "मामा, तुम्ही जायचं होतं! दे आर वेटिंग सिन्स सनराइज! सगळे अंगणात बसलेत. बोंत्ले म्हणतेय तिने तुम्हाला सांगितलं होतं. सगळी गोष्ट सांगितली होती, यार!"

मामांच्या हातातली वायर खाली पडली. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे कांचनने आणि शैलजानेही ऐकलं. "संपलं," शैलजा म्हणाली. "रविवारी ते जाणार. एवढी गुणी मुलगी, दादा, आपण घालवली."

"पण मुलाकडच्यांनी जायचं?" मामांच्या तोंडून निघून गेलं, आणि निघताक्षणीच त्यांना ते ऐकू आलं. आयुष्यभर हुंड्याविरुद्ध भाषणं दिलेला माणूस. स्वतःचीच त्यांना शरम वाटली.

कांचनने गॅस बंद केला. "हे बघा, मुलगी मागायला आपण जायचं हा त्यांचा रिवाज आहे आणि तो आपल्यापेक्षा बरा आहे. कोट घाला. ती म्हणाली होती ना, कोट."

जून महिना, ह्यूस्टनची हवा, बाहेर श्वास घेतला तर घाम यावा अशी. मामांच्या कपाटात सूट होता, पण तो दोन गल्ल्या पलीकडे. हाती लागलं ते विवेकचं हिवाळी जॅकेट, शैलजाने अजून जपून ठेवलेलं. मामांनी ते सिल्कच्या कुडत्यावर चढवलं. बायकांनी शाली घेतल्या. पोह्यांचा डबा कांचनने मांडीवर ठेवला आणि गाडी सुटली.

रस्त्यात मामांना अकोला आठवत होतं. शैलजासाठी स्थळ बघायला वडील गेले होते, वैशाखातल्या दुपारी, आणि कॉलेजातला मोरेश्वर बरोबर होता. मुलाकडच्यांनी त्यांना ओसरीवर बसवून ठेवलं. खूप वेळाने आतून निरोप आला, की मुलाचं दुसरीकडे जमतंय. साधं पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. परत येताना स्टेशनच्या नळाला ओंजळ लावून वडील पाणी प्यायले आणि म्हणाले, हे शैलाला सांगू नकोस. मामांनी ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आज एका मुलीच्या बापाला पहाटेपासून त्यांनी तसंच बसवून ठेवलं होतं.

मोदिसेंच्या घरामागच्या अंगणात मांडव घातला होता. पुरुष खुर्च्यांवर, सगळ्यांच्या अंगात कोट. बायका खाली चटयांवर पाय लांब करून बसलेल्या, खांद्यांवर चौकड्यांच्या जाड शाली, त्या उकाड्यात. कुणी चिडलेलं दिसत नव्हतं. कुणी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं नव्हतं. ती सगळी माणसं नुसती बसली होती, जणू वाट बघणं हेही एक काम आहे आणि ते नीट करायचं असतं. मामांना त्या क्षणीही त्यांचं कौतुक वाटलं.

फाटकाशी मोदिसे आले. उंच, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी मामांचा कुडता पाहिला, वरचं हिवाळी जॅकेट पाहिलं, आणि मग आकाशाकडे बोट केलं. "रा, सूर्य कुठे पोचलाय बघा."

‘रा’ म्हणजे राव. मामांना हे माहीत होतं. त्यांना सगळंच माहीत होतं.

आत घेतलं. मामांना खुर्ची मिळाली, कांचन आणि शैलजा चटईवर. शैलजाचे गुडघे दुखरे. ती खाली बसताना कळवळली, तशी पलीकडून एक बाई सरकत आली, तिने स्वतःची घडी केलेली शाल शैलजाच्या गुडघ्याखाली सारली आणि शेजारी बसली. ती बोंत्लेची आई होती. सगळे तिला ‘म्मा-बोंत्ले’ म्हणत, आपल्याकडे बाळूची आई म्हणतात तसं.

मग सगळे मामांकडे बघायला लागले.

घाबरल्यावर माणूस आपल्याला जे येतं ते करतो. मामा उभे राहिले आणि त्यांनी बोत्स्वाना सुरू केला. समुद्र नसलेला देश. कालाहारी. वाळूत मुरणारी नदी. हिरे, शाळा, दवाखाने, झाडाखालच्या सभा. मनापासून बोलत होते, प्रत्येक शब्द खरा होता, आणि घाम कानामागून जॅकेटच्या कॉलरमध्ये उतरत होता. कुणी मध्ये तोंड घातलं नाही. कुणी घड्याळ पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मामांना असे श्रोते मिळाले होते, आणि पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं की कुणीतरी आपल्याला थांबवावं.

शेवटी ते आपणच थांबले. मोदिसेंनी मान डोलावली.

"रा, तुम्ही आमच्या देशाबद्दल चांगलं बोललात. आमच्या मुलांनाही एवढं माहीत नसतं. पण तुम्ही आलात कशासाठी?"

"परीक्षित आणि बोंत्लेच्या लग्नाबद्दल..."

"असं कुणी आम्हाला ठाऊक नाही," मोदिसे शांतपणे म्हणाले. मागच्या रांगेतले दोघे खाली बघायला लागले. शैलजाने शालीचं टोक तोंडाशी धरलं.

मामांची नजर समोरच्या एका माणसावर गेली. वाळलेला, सावळा म्हातारा, गुडघ्यावर हॅट ठेवून बसलेला. अजूनपर्यंत एक अक्षर बोललेला नव्हता. जुन्या बुटांना त्याने पॉलिश केलं होतं, अगदी टाचेपर्यंत. वडिलांनी अकोल्याला जाताना असंच पॉलिश केलं होतं, पायरीवर बसून. हा मुलीचा बाप, मामांना कळलं, आणि हा पहाटेपासून इथे बसलाय.

आणि मग एवढ्या सगळ्या वाचलेल्या गोष्टींच्या खालून, त्यांनी ज्या वाक्यावर मांडीवर थाप मारून खडकाची माहिती दिली होती ते वाक्य वर आलं. मुलीचं नाव काढायचं नसतं.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. हात जोडले.

"तुंबाभर पाणी मागायला आलोय," ते म्हणाले.

मागच्या रांगेतल्या दोघांनी माना वर केल्या.

"उशीर झाला. चूक माझी, मुलाची नाही आणि या बहिणीचीही नाही. जन्मभर जमिनीतून तेल काढलं, पाणी कधी मागितलं नाही. मागायचं कसं ते मला येत नाही. तुमच्या मुलीने सांगितलं होतं, पण मी बोलत होतो."

घरातून, खिडकीच्या पडद्यामागून, एक हुंदका आणि एक हसू एकदम ऐकू आलं. मोदिसेंच्या दाढीत काहीतरी हललं. ते वळून त्या म्हाताऱ्याकडे बघायला लागले, आणि सगळेच बघायला लागले, कारण मोठ्या माणसाने शेवटी बोलायचं असतं.

बोंत्लेचे वडील सावकाश उठले.

"आमच्या गावाकडे," ते म्हणाले, "दारात आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत. तो उशिरा आला तरी. पण आम्ही विचारतो. ते सांडणार नाही ना?"

मामांकडे याला उत्तर होतं. विवेकबद्दल सांगता आलं असतं, शैलजाबद्दल, परीक्षितच्या नोकरीबद्दल, आपल्या घराण्याबद्दल. मामांनी फक्त मान हलवली. नाही. सांडणार नाही. कांचन पुढे बरीच वर्षं सांगणार होती, की लग्नाच्या चाळीसेक वर्षांत हे पहिल्यांदा घडलं.

तेवढ्यात म्मा-बोंत्लेने जीभ हलवून लांब, उंच ललकारी दिली, मागोमाग चटईवरच्या सगळ्या बायकांनी दिली, आणि शैलजा दचकून रडायला लागली. मोदिसेंनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की मुलाकडच्यांनी द्यायच्या गाईंबद्दल पुढच्या खेपेला बोलू, आज तो कोट काढा, नाहीतर आम्हाला ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल. कांचनने पोह्यांचा डबा उघडला.

बोंत्लेचे वडील आत गेले होते. ते स्वतः पाणी घेऊन आले. साधा काचेचा ग्लास, काठोकाठ भरलेला. मामांसमोर उभं राहून त्यांनी तो उजव्या हाताने पुढे केला, डावा हात कोपराला लावून, एखाद्या मानाच्या पाहुण्याला द्यावा तसा.

मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला. घसा पार कोरडा पडला होता. पण ते प्यायले नाहीत. ते चटईपाशी गेले, वाकले आणि ग्लास शैलजाच्या हातात दिला.

"आधी तू पी," ते म्हणाले.

शैलजा प्यायली. मग वर बघून म्हणाली, "दादा, तू का रडतोयस?"

"कुठे रडतोय," मामा म्हणाले. "जॅकेटमध्ये उकडतंय गं."